मलबार पॉइंटचे राजभवन : खणाखणाने वाढलेली वास्तू

आमच्या देवनार गावठाणात घर एकदम उभे राहत नसे. आधी माजघर, मग पडवी, मुलांची लग्ने झाली म्हणजे बाजूस आणखी एक खण, असे ते वाढे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे समुद्रकाठचे घरही असेच वाढले, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

मलबार टेकडीच्या या टोकास पूर्वी प्रसिद्धी होती ती श्रीगुंडीच्या शिळेची. तिच्या फटीतून पार होणारा पापमुक्त होतो, अशी भाविकांची श्रद्धा. गव्हर्नर त्या काळी परळास, पाद्र्यांकडून घेतलेल्या जुन्या वास्तूत राहत. सर इव्हान नेपियन (१८१२–१९) यांची पॉइंटवर अवघी एक लहानशी खोली होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी तीस न्याहारीचे दालन व निजण्यासाठी निराळा बंगला जोडला. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांनी फोर्टातील निवासस्थान कचेऱ्यांस देऊन येथील बांधकाम वाढविले. एकच भव्य महाल न होता, रुंद व्हरांड्यांचे सुटे बंगले झाले. समुद्राचा वारा घेण्यास हीच रचना उत्तम.

पुढे परळभोवती गिरण्या दाटल्या. १८८२ साली तेथे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या, आणि १८८५ पासून पॉइंट हेच कायमचे निवासस्थान झाले. परळच्या त्याच वास्तूत १८९९ साली डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा गेली, हा योगही विलक्षणच! १९११ साली पॉइंटवर दरबार हॉलची भर पडली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा उद्घाटन सोहळा पंडित नेहरूंच्या हस्ते झाला, तो याच आवारात.

२०१६ साली येथे जमिनीखाली तेरा खोल्यांचे ब्रिटिशकालीन भुयार सापडले. राज्यपालांचे निवासस्थान 'जलभूषण' मात्र जीर्ण झाल्याने पाडण्यात आले. त्याच जागी बांधलेल्या नव्या इमारतीचे उद्घाटन १४ जून २०२२ रोजी झाले. जुन्याची वैशिष्ट्ये तीत राखली आहेत. खाऱ्या हवेपुढे जुने बांधकाम किती टिकणार, हेही आम्ही जाणतो. तथापि एकाच आराखड्यावर उठलेल्या इमारतीत कोणता खण कोणाच्या गरजेने आला, हे भिंती सांगू शकत नाहीत. ते कागदपत्रांतच शोधावे लागते. राजभवनाचे कागद सरकारदप्तरी आहेत. आमच्या गावठाणांतील घरांचे तसे दप्तर नाही, म्हणून ज्ञातिबांधवांनी घर पाडावयास काढण्यापूर्वी वडीलधाऱ्यांकडून त्याच्या खणांची हकीकत लिहून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.