कवटीचे चिन्ह आणि प्रेक्षकांचा कौल

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या मराठी वाचकांना कवटीचे चिन्ह नवे नाही. वेताळाचा ठोसा बसला की त्याच्या अंगठीवरील कवटी दुर्जनाच्या जबड्यावर कायमची उमटत असे आणि तो दुर्जन ती खूण घेऊन जन्मभर हिंडत असे. अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्सच्या एका नायकानेही कवटी धारण केली आहे. मात्र त्याच्या तावडीत सापडलेला दुर्जन खूण मिरवायला जिवंत राहत नाही. फ्रँक कॅसल ऊर्फ ‘पनिशर’, म्हणजे शिक्षा देणारा, हा तो नायक. त्याच्याकडे कोणतीही अलौकिक शक्ती नाही. सैनिकी प्रशिक्षण, बंदुका आणि कुटुंबाच्या हत्येचे दुःख एवढेच त्याचे भांडवल. या व्यक्तिरेखेवर १९८९, २००४ आणि २००८ मध्ये तीन चित्रपट निघाले. तिन्हींचे दिग्दर्शक वेगळे, नायक वेगळे आणि तिन्हींविषयी प्रेक्षकांची मतेही परस्परांना छेद देणारी. वरवर पाहता हा वाद पोशाखाचा, शहराचा आणि रक्तपाताच्या प्रमाणाचा आहे. त्याच्या तळाशी मात्र एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. कायदा हातात घेणारा हा माणूस चुकला तर काय?

पहिल्याच कथेतील चूक

पनिशर प्रथम अवतरला तो ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मालिकेच्या १२९ व्या अंकात. या अंकावर फेब्रुवारी १९७४ हा महिना छापलेला आहे. लेखक गेरी कॉनवे यांनी छातीवर लहानशी कवटी असलेले रेखाटन केले होते. चित्रकार जॉन रोमिता यांनी ती कवटी वाढवून संपूर्ण छातीभर पसरवली. अंकाची चित्रे रॉस अँड्रू यांची होती, तर ‘पनिशर’ हे नाव स्टॅन ली यांनी सुचविले. डॉन पेंडल्टन यांच्या ‘एक्झिक्युशनर’ या कादंबरीमालेतील माफियांविरुद्ध एकाकी युद्ध पुकारणारा सैनिक कॉनवे यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याच वर्षी चार्ल्स ब्रॉन्सन यांचा ‘डेथ विश’ प्रदर्शित झाला. वाढत्या गुन्हेगारीने अमेरिकेतील शहरे धास्तावलेली होती आणि स्वतःच न्याय करणारा नायक लोकांना हवासा वाटू लागला होता, असा तो काळ होता.

तथापि, या पहिल्या कथेत पनिशर नायक नव्हता. जॅकल नावाच्या खलनायकाने त्याची दिशाभूल केली होती आणि निरपराध स्पायडर-मॅनला खुनी समजून तो त्याच्या जिवावर उठला होता. म्हणजे शिक्षा देण्यासाठी जन्मलेल्या या माणसाने आरंभीच चुकीच्या माणसावर नेम धरला. पुढे वाचकांची पसंती वाढत गेली आणि १९८० च्या दशकात त्याला स्वतंत्र मालिका मिळाली. मूळची चूक मात्र हळूहळू विस्मरणात गेली.

कवटीविना पनिशर

पहिला चित्रपट संकलक म्हणून ख्यातनाम असलेल्या मार्क गोल्डब्लॅट यांनी दिग्दर्शित केला. डॉल्फ लुंडग्रेन नायक होते. कथा अमेरिकेतील असली तरी चित्रीकरण ऑस्ट्रेलियात झाले. निर्मितिसंस्था आर्थिक अडचणीत आल्याने अमेरिकेत तो चित्रपटगृहांत पोहोचलाच नाही, तर १९९१ मध्ये थेट व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने घरोघरी गेला.

कॉमिक्सच्या चाहत्यांचा मुख्य आक्षेप एकच होता. नायकाच्या छातीवर कवटीच नाही! ज्या चिन्हामुळे ही व्यक्तिरेखा ओळखली जाते तेच गाळल्यावर उरला तो एक सर्वसाधारण मारधाडपट, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, कॉमिक्सशी ज्यांचा संबंध नव्हता त्यांना लुंडग्रेन यांचा भुयारी गटारात राहणारा, खचलेला, देवाशी एकतर्फी संवाद करणारा कॅसल लक्षवेधी वाटला. पाच वर्षांत सव्वाशे गुंडांना ठार करणारा हा माणूस चित्रपटात अर्धवट वेडाच्या सीमेवर उभा दिसतो. त्याच्याविषयी कौतुकाहून भीती अधिक वाटते, हे आज मागे वळून पाहणारे अनेक प्रेक्षक मान्य करतात.

उन्हातला सूड

‘आर्मगेडन’सारख्या चित्रपटांच्या लेखनात सहभागी असलेले जोनाथन हेन्सली यांनी २००४ च्या ‘द पनिशर’द्वारे दिग्दर्शनात पदार्पण केले. टॉमस जेन कॅसलच्या, तर जॉन ट्रॅव्होल्टा हॉवर्ड सेंट या धनाढ्य गुन्हेगाराच्या भूमिकेत होते. सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरातून साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. समीक्षकांपैकी बहुसंख्यांनी नापसंती दर्शविली. सर्वसामान्य प्रेक्षकांनी मात्र तो बराच सांभाळून घेतला.

या चित्रपटाविषयीच्या मतांत तीन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला कॉमिक्सनिष्ठांचा. मूळ कथेत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेलेल्या कॅसलची पत्नी आणि मुले गुंडांच्या हातून मारली जातात. चित्रपटात तो निवृत्त होऊ घातलेला सरकारी गुप्त अधिकारी आहे आणि पोर्तो रिकोत एकत्र जमलेले त्याचे सारे कुटुंबच कापून काढले जाते. पुढचा सूडाचा खेळ फ्लोरिडातील टॅम्पा शहराच्या लख्ख उन्हात रंगतो. काळ्या गल्ल्यांतील पनिशर समुद्रकिनाऱ्यावर आणल्याने त्याचा अंधारच हरवला, ही तक्रार वारंवार व्यक्त झाली.

दुसरा प्रवाह मारधाडपटांच्या रसिकांचा. त्यांच्या मते चित्रपट मध्यावर रेंगाळतो. नायक बंदूक उचलण्याऐवजी बनावट अग्निशमन नळ बसवून शत्रूपत्नीच्या गाडीला दंड होईल अशी व्यवस्था करतो, तेव्हा त्यांचा संयम सुटतो. गुंडाचा छळ करीत असल्याचा आव आणून त्याच्या पाठीला केवळ बर्फाची कांडी टेकवण्याचा प्रसंग काहींना चतुर वाटला, तर काहींना पोरकट. मात्र केव्हिन नॅश यांनी साकारलेल्या अवाढव्य रशियन मारेकऱ्याशी झालेली घरातील झुंज बहुतेकांना आवडली. शेजारच्या खोल्यांतील तीन उपेक्षित जिवांशी कॅसलचे जुळलेले नाते चित्रपटाला ऊब देते, असेही अनेकांचे मत आहे. ही पात्रे लेखक गार्थ एनिस यांच्या २००० सालच्या कथामालिकेतून आलेली आहेत.

तिसरा प्रवाह संख्येने लहान, पण अधिक विचार करायला लावणारा आहे. या चित्रपटातील कॅसल एकदाही चुकत नाही. जे मरतात ते सारे पडद्यावर आधीच दोषी ठरलेले असतात. त्यामुळे टाळी वाजविणाऱ्या प्रेक्षकाच्या मनाला टोचणी लागत नाही. तरीही त्याची युक्ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. सेंटची पत्नी आणि त्याचा जिवलग मित्र यांचे अनैतिक संबंध असल्याचा खोटा पुरावा तो रचतो आणि सेंटच्या हातूनच दोघांना मारवितो. हत्याकांडात त्या दोघांचा वाटा होता हे खरे. पण ज्या आरोपाखाली ते मरतात तो आरोप सपशेल खोटा असतो. न्यायासाठी निघालेला माणूस खोटा खटला उभा करतो आणि प्रेक्षागृह त्याला दाद देते.

चुकलेली गोळी

ठरलेला दुसरा भाग टॉमस जेन यांनी सोडल्यानंतर नव्या संचात ‘पनिशर : वॉर झोन’ तयार झाला आणि डिसेंबर २००८ मध्ये प्रदर्शित झाला. मूळच्या जर्मन आणि पूर्वाश्रमीच्या कराटेपटू असलेल्या लेक्सी अलेक्झांडर यांनी त्याचे दिग्दर्शन केले. रे स्टीव्हन्सन कॅसल, तर डॉमिनिक वेस्ट विद्रूप चेहऱ्याचा जिगसॉ झाले. व्यावसायिकदृष्ट्या हा चित्रपट पुरता कोसळला. साडेतीन कोटी डॉलर खर्चाच्या तुलनेत जगभरातील उत्पन्न जेमतेम एक कोटीच्या घरात राहिले.

झुंबराला उलटे लटकून गरगर फिरत गोळ्या झाडणारा नायक, इमारतीवरून झेप घेणाऱ्या गुंडाचा हवेतच अग्निबाणाने उडालेला चेंदामेंदा, निऑन दिव्यांचे भडक हिरवे-लाल रंग. हे सारे पाहून निम्मे प्रेक्षक किळसले आणि निम्मे खदखदून हसले. काळाच्या ओघात दुसऱ्या गटाचा आवाज वाढला. विनोदी कलावंत पॅटन ऑस्वाल्ट यांच्यासारख्या चाहत्यांनी या चित्रपटाची जाहीर बाजू घेतली. कॉमिक्सच्या पानांवरील हिंसेचा अतिरेक जसाच्या तसा पडद्यावर आणणारा हाच खरा पनिशरपट, असे मानणारा एक निष्ठावंत वर्ग आज तयार झाला आहे.

या रक्तपाताच्या गदारोळात एक गोष्ट मात्र झाकोळली गेली. कथेच्या प्रारंभीच कॅसलच्या हातून टोळीत घुसलेला एक गुप्त सरकारी अधिकारी मारला जातो. मृताची पत्नी आणि लहान मुलगी त्याच्यासमोर उभ्या राहतात. कुटुंब गमावलेला माणूस आता स्वतःच दुसऱ्याचे कुटुंब उद्ध्वस्त करून बसलेला असतो. तो शस्त्रे खाली ठेवण्याचा विचारही करतो. १९७४ च्या त्या पहिल्या अंकातील प्रश्न तीन चित्रपटांपैकी याच चित्रपटात थेट विचारला गेला. शेवटी कथा त्याच्या हाती पुन्हा बंदूक देते हे खरे. पण त्या क्षणापुरती तरी प्रेक्षकाची टाळी अडखळते.

आवडता कॅसल कोणता?

टॉमस जेन यांना ही भूमिका सोडवेना. २०१२ मध्ये त्यांनी ‘डर्टी लाँड्री’ हा छोटेखानी चित्रपट स्वतःच्या हौसेने केला. सॅन दिएगो येथील कॉमिक-कॉन संमेलनात तो दाखविला गेला आणि मोठ्या चित्रपटाला जे साधले नाही ते या दहा मिनिटांत साधले, अशी दाद मिळाली. पुढे २०१६ मध्ये ‘डेअरडेव्हिल’ या नेटफ्लिक्स मालिकेच्या दुसऱ्या पर्वात जॉन बर्नथल अवतरले. २०१७ मध्ये त्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि दोन पर्वांनंतर २०१९ मध्ये थांबविण्यात आली. अनेक प्रेक्षक आज बर्नथल यांनाच पहिली पसंती देतात. त्यांचा कॅसल ओरडतो, रडतो, रात्री दचकून उठतो. सूड त्याला शांत करीत नाही, आतून पोखरतो. दोन तासांच्या मारधाडपटाला जे दाखवायला उसंत नसते, ते मालिकेच्या विस्ताराने दाखविले.

पडद्याबाहेरची कवटी

प्रेक्षकाचे मत चित्रपट संपल्यावर संपते, असे एरवी म्हणता आले असते. पनिशरच्या बाबतीत तसे झाले नाही. इराक युद्धात लढलेल्या काही अमेरिकी सैनिकांनी ही कवटी आपल्या गाड्यांवर आणि गणवेशांवर रंगविली. नेमबाज ख्रिस काइल यांच्या २०१२ च्या आत्मकथनात आणि त्यावर आधारित २०१४ च्या ‘अमेरिकन स्नायपर’ या चित्रपटात तिचा उल्लेख आहे. त्यानंतर ती पोलिसांपर्यंत पोहोचली. २०१७ मध्ये केंटकी राज्यातील कॅटलेट्सबर्ग या लहानशा गावात पोलिसांच्या गाड्यांवर लावलेली कवटी टीकेनंतर काढून टाकावी लागली. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदभवनावर चालून गेलेल्या जमावातही ती काहींच्या अंगावर दिसली.

निर्मात्यांनी याला वेळोवेळी उत्तर दिले. २०१९ मधील एका अंकात खुद्द पनिशर पोलिसांच्या गाडीवरील कवटी फाडून टाकतो आणि आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाचा ठेवा, असे त्यांना बजावतो. कायदा पाळण्याची शपथ घेतलेल्यांनी कायदा मोडणाऱ्याचे चिन्ह मिरवावे, याबद्दल कॉनवे यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२० मध्ये त्यांनी हे चिन्ह वांशिक अन्यायाविरुद्धच्या चळवळीसाठी निधी उभारण्याकडे वळविले. २०२२ च्या नव्या कथामालिकेत मार्व्हलने कवटीचे रूपच पालटले. २०२५ च्या ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’ या मालिकेत तर कवटी मिरवणारे भ्रष्ट पोलीस आणि बर्नथल यांचा कॅसल समोरासमोर आणण्यात आले.

चित्रपटाने इशारा म्हणून उभा केलेला माणूस प्रेक्षकाने आदर्श म्हणून उचलावा, हा दोष कोणाचा? केवळ प्रेक्षकाचा म्हणता येणार नाही. नायक कधीच चुकत नाही, त्याच्या समोरचा प्रत्येक जण दोषीच असतो, अशी सोयीची मांडणी करणारा पडदाही त्यात वाटेकरी आहे. न्यायालयात साक्ष तपासली जाते, आरोपीला वकील मिळतो, वरच्या न्यायालयात दाद मागता येते. ही सारी कूर्मगती व्यवस्था उभी आहे ती माणूस चुकतो या एका जाणिवेवर. पनिशरच्या न्यायात अपील नसते. सूडपट पाहताना मिळणारा दिलासा खोटा नसतो, कारण अन्यायाची चीड खरी असते. परंतु दिवे लागल्यावर ‘तो चुकला असता तर?’ हा प्रश्न ज्याच्या मनात उमटतो, त्याने हा चित्रपट पुरता पाहिला असे म्हणावे लागेल.