डिफॉल्ट ब्राउझर कोणी ठरवायचा? सामायिक संगणकाचा छोटा इतिहास

१/ वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील, सोलापूर–धुळे महामार्गावरचे गाव. ग्रामीण महाराष्ट्रात संगणक घरात येण्यापूर्वी सामायिक रूपात आला: १९९८ चा वारणा प्रकल्प ७० गावांसाठी होता, तर २०११ पासून 'संग्राम'ने तो ग्रामपंचायतींत नेला. यंत्र एक, वापरणारे अनेक. मग दुव्यावर टिचकी मारताच कोणता ब्राउझर उघडावा, हे कोणी ठरवायचे?

२/ मराठी वाचकासाठी हा प्रश्न अक्षरे दिसण्या-न दिसण्याचा होता. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. वाचकाला फॉन्ट बसवावा लागू नये म्हणून तो पानासोबतच धाडण्याची 'डायनॅमिक फॉन्ट'ची युक्ती निघाली. मायक्रोसॉफ्टचा त्यासाठीचा प्रकार, ईओटी, केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडले, की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! सायबर कॅफेतील गिऱ्हाइकाने फॉन्ट बसवायचा तरी कोणाच्या परवानगीने?

३/ मुळात निवड आधीच झालेली असे. विंडोज ९८ मध्ये एक्सप्लोरर प्रणालीतच विणलेला होता. याच जोडणीवरून मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला.

४/ तडजोडीचे फळ २००२ मध्ये एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकसोबत आले. त्यात एक नवी खिडकी होती: यंत्राच्या प्रशासकाने तेथे ब्राउझर निवडला, की तो त्या यंत्रावरील सर्वांसाठी लागू. माझ्या मते सामायिक संगणकासाठी याहून सरळ व्यवस्था पुन्हा झाली नाही.

५/ २००७ च्या व्हिस्टापासून ही निवड ज्याच्या-त्याच्या खात्याकडे गेली. २०१२ च्या विंडोज ८ ने तर कोणत्याही प्रोग्रामला ती परस्पर बदलण्यास मज्जाव केला. हेतू चांगला, परंतु प्रशासकाचे काम अवघड झाले. त्याने एक्सएमएल फाइल बनवून प्रणालीत घालायची, आणि तीही केवळ नव्या खात्यांच्या पहिल्या प्रवेशाला लागू. २०१५ मध्ये विंडोज १० ने जुनी निवड पुसून स्वतःचा एज पुढे केला, तेव्हा मोझिलाच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून निषेध नोंदवला.

६/ १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरील एक्सप्लोररचा आधार संपला. तोवर युनिकोडने मराठीला त्याच्या तावडीतून सोडवले होते. युनिकोडमध्ये न बदललेली जुनी मराठी पाने मात्र, मूळ फॉन्ट हाताने बसवल्याशिवाय, आजच्या ब्राउझरमध्ये वाचता येत नाहीत.