अंडरवुड, कॅरी

अंडरवुड, कॅरी : (१० मार्च १९८३ – ). अमेरिकन कंट्री गायिका व गीतकार. ‘अमेरिकन आयडल’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या चौथ्या पर्वाची (२००५) विजेती. स्पर्धेतला विजेता पुढचे पर्व सुरू होईपर्यंतच लोकांच्या लक्षात राहतो, हा समज ज्या मोजक्या गायकांनी खोटा ठरवला, त्यांत तिचे नाव अग्रभागी आहे. आठ ग्रॅमी पुरस्कार आणि ‘ग्रँड ओल ऑप्री’चे सदस्यत्व हे तिला लाभलेले प्रमुख सन्मान.

तिचा जन्म ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी येथे झाला. बालपण मात्र जवळच्या चकोटा या जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीच्या गावाबाहेर, घरच्या शेतावर गेले. वडील गिरणीत कामाला, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. तीन बहिणींत कॅरी धाकटी. गाण्याची सुरुवात चर्चमध्ये झाली आणि मग गावातले कार्यक्रम, छोट्या स्पर्धा असा सराव होत गेला. १९९६ मध्ये, ऐन किशोरवयात, कॅपिटॉल रेकॉर्ड्स या कंपनीशी तिचा करार होण्याच्या बेतात होता. पण कंपनीच्या व्यवस्थापनात बदल झाले आणि बोलणी बारगळली.

त्यानंतर गाण्यावर पोट भरेल ही आशा तिने जवळजवळ सोडली. २००१ मध्ये शालान्त परीक्षेत शाळेत दुसरी येऊन तिने टाल्क्वा येथील नॉर्थईस्टर्न स्टेट विद्यापीठात पत्रकारितेसाठी प्रवेश घेतला. सुट्टीत पिझ्झाच्या दुकानात वाढपीण म्हणून, कधी जनावरांच्या दवाखान्यात काम करायचे आणि विद्यापीठाच्या उन्हाळी कंट्री कार्यक्रमात गायचे, असा तिचा क्रम होता.

२००४ च्या उन्हाळ्यात ती मिसुरी राज्यातील सेंट लुइस शहरात ‘अमेरिकन आयडल’च्या चाचणीला गेली. बॉनी रेटचे एक संथ गाणे गाऊन ती निवडली गेली. पुढच्या फेरीसाठी हॉलिवुडला जाताना ती आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसली. इकडे कोणी तारे दिसले का, असे तिला कॅमेऱ्यासमोर विचारले गेले, तेव्हा आभाळ ढगाळ असल्याचे तिने निरागसपणे सांगितले. प्रश्न चित्रपटांतल्या ताऱ्यांचा होता. शेतावरची ही मुलगी प्रेक्षकांच्या मनात भरायला तो एक प्रसंगही पुरेसा ठरला.

ब्रिटनमधील ‘पॉप आयडल’वरून ही स्पर्धा २००२ मध्ये अमेरिकेत आली होती. सुरुवातीच्या फेऱ्यांत परीक्षकांची निवड चाले. पुढे प्रेक्षक दूरध्वनीने व मोबाइल संदेशाने मते देत आणि सर्वांत कमी मते मिळालेला स्पर्धक त्या आठवड्यात बाहेर पडे. दर आठवड्याला गाण्यांचा विषय बदले. त्यामुळे एकाच शैलीत वाढलेल्या गायकाची कसोटी लागे. कंट्री गाणाऱ्या कॅरीलाही रॉक आणि पॉप गावे लागले, आणि निर्णायक क्षण आला तो तिच्या घराण्याबाहेरच्या गाण्यानेच. मार्च २००५ मध्ये अकरा स्पर्धक उरले असताना ‘बिलबोर्ड’ यादीत अव्वल ठरलेली गाणी हा विषय होता. तिने हार्ट या रॉक चमूचे ‘अलोन’ निवडले. वरच्या पट्टीतले लांब, भरदार स्वर ऐकून परीक्षक सायमन कॉवेल यांनी तिथेच भाकीत केले, की हीच स्पर्धा जिंकेल आणि आधीच्या सर्व विजेत्यांपेक्षा हिचे अल्बम अधिक खपतील. एरवी कॉवेल यांची ख्याती स्पर्धकांना फटकारण्याबद्दल होती.

२५ मे २००५ रोजी अंतिम फेरीत तिने रॉक गायक बो बाइस याला मागे टाकले. जून महिन्यात आलेले तिचे ‘इनसाइड युअर हेवन’ हे गाणे बिलबोर्ड ‘हॉट हंड्रेड’ यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. एखाद्या कंट्री कलावंताच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होते. मराठी वाचकाला हे वर्ष आणखी एका कारणाने आठवेल. याच साच्यावर बेतलेल्या ‘इंडियन आयडल’चे पहिले पर्व त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या अभिजीत सावंत या मराठी तरुणाने जिंकले होते.

स्पर्धा जिंकली, तरी खरी परीक्षा टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या राजधानीत व्हायची होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण वस्त्यांत गिटार, फिडल, बँजो यांच्या साथीने वाढलेले हे संगीत परंपरेला घट्ट धरून असते. लहान बारमध्ये वर्षानुवर्षे गाऊन, रेडिओ केंद्रांचे उंबरे झिजवून वर यायचे, हा तिथला रिवाज. त्या जगात मतांवर निवडून आलेली गायिका सहज आपली मानली जाणे कठीण होते. कॅरीने याला उत्तर दिले ते गाण्यांच्या निवडीतून.

१५ नोव्हेंबर २००५ रोजी ‘सम हार्ट्स’ हा तिचा पहिला अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ३ लाख १५ हजार प्रती खपल्या. त्यातल्या दोन गाण्यांनी तिची जागा पक्की केली. ‘जीझस, टेक द व्हील’मध्ये नाताळच्या आदल्या रात्री मागच्या आसनावर तान्ह्या बाळाला घेऊन निघालेल्या, बर्फावर गाडी घसरलेल्या एका तरुण आईची आळवणी आहे. हे गाणे कंट्री यादीत सहा आठवडे पहिले होते. ‘बिफोर ही चीट्स’मधली बाई मात्र फसवणाऱ्या प्रियकराच्या गाडीची मोडतोड करते. एक गाणे चर्चच्या बाकावरचे, दुसरे बारच्या दारातले. कंट्री संगीताची ही दोन्ही टोके एकाच नवख्या गळ्यात सारख्याच खरेपणाने उतरली, हे या अल्बमचे खरे बळ. ‘बिलबोर्ड’च्या २००६ च्या वार्षिक यादीत, सर्व प्रकारच्या संगीतात, तो पहिल्या क्रमांकाचा अल्बम ठरला. मे २००६ मध्ये तिने अर्धवट राहिलेली पदवीही उच्च श्रेणीत पूर्ण केली आणि २००७ मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचा ग्रॅमी तिला मिळाला.

‘कार्निव्हल राइड’ (२००७) पासून गीतलेखनातही तिचा वाटा वाढत गेला. ‘प्ले ऑन’ (२००९), ‘ब्लोन अवे’ (२०१२), ‘स्टोरीटेलर’ (२०१५), ‘क्राय प्रिटी’ (२०१८) हे तिचे पुढचे अल्बम; ‘क्राय प्रिटी’ची ती सहनिर्मातीही होती. तिचा आवाज दमदार, मोठ्या पल्ल्याचा. मुखडा चढत्या स्वरात उभा करणे ही तिची खूण. पण तिची ताकद केवळ पट्टीत नाही. कथा सांगणारी गाणी ती पात्रात शिरून गाते. ‘ब्लोन अवे’ या गाण्यात दारुड्या, मारकुट्या बापाला घरात तसाच सोडून तळघरात आसरा घेणारी ओक्लाहोमातली मुलगी आहे. बाहेर चक्रीवादळ घोंघावते आहे. अशा वादळांच्याच प्रदेशात वाढलेल्या गायिकेने ते गावे, याला वेगळे वजन येते. या गाण्यासाठी तिला २०१३ मध्ये ग्रॅमी मिळाला.

नॅशव्हिलची मोहर उमटली ती १० मे २००८ रोजी. १९२५ पासून रेडिओवर चालत आलेल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या सर्वांत मानाच्या कार्यक्रमाने तिला सदस्य करून घेतले. निमंत्रण ज्येष्ठ गायक रँडी ट्रॅव्हिस यांनी दिले होते आणि सदस्यत्व गार्थ ब्रुक्स यांच्या हस्ते मिळाले. २००८ ते २०१९ अशी सलग बारा वर्षे तिने कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्याचे सूत्रसंचालन केले. २०१० मध्ये आइस हॉकीपटू माइक फिशर याच्याशी तिचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये घराबाहेर खाली कोसळल्याने तिचे मनगट मोडले आणि चेहऱ्यावर चाळीसहून अधिक टाके पडले. पुढच्या वसंतात ती पुन्हा मंचावर उभी होती.

तिच्या यशानंतर स्पर्धेची वाट कंट्री गायकांसाठी अधिक रुळली. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा सतरा वर्षांचा स्कॉटी मॅक्रीरी जिंकला, तेव्हा अंतिम फेरीतली त्याची प्रतिस्पर्धी लॉरेन अलेनाही कंट्रीच गाणारी होती. मंच लाखो प्रेक्षक मिळवून देतो. ते टिकवायला मात्र चांगली गाणी, रेडिओ आणि दौऱ्यांची मेहनत लागते. अंडरवुडची कारकीर्द याचा सर्वांत भक्कम दाखला आहे.

गावाशी तिचे नाते तुटलेले नाही. चकोटातील शाळा, प्राणी आणि गावकरी यांच्या मदतीसाठी तिने २००९ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले. मार्च २०२५ मध्ये, विजयाला वीस वर्षे होत असताना, ती ‘अमेरिकन आयडल’मध्ये परतली आणि या स्पर्धेची परीक्षक झालेली पहिली माजी विजेती ठरली.