आधी छापखाना, मग गाव

गाव वसते, बाजार भरू लागतो, शाळा निघते आणि मग केव्हातरी कुणाला वर्तमानपत्र काढायची हुक्की येते, हा आपल्या ओळखीचा क्रम. अमेरिकेच्या मधोमध पसरलेल्या कॅन्ससमध्ये तो पुष्कळदा उलटा होता. 'हेराल्ड ऑफ फ्रीडम'च्या पहिल्या अंकावर वाकारुसा, कॅन्सस टेरिटरी असे स्थळ आणि २१ ऑक्टोबर १८५४ अशी तारीख आहे. अंक छापला गेला मात्र दूर पेनसिल्व्हेनियात. संपादक ब्राउन यांचा छापखाना अजून कॅन्ससला पोहोचायचा होता. ही लबाडी नुसत्या हौसेपोटी नव्हती. त्याच वर्षीच्या कायद्याने गुलामगिरी हवी की नको याचा निर्णय तिथे वसणाऱ्यांवर सोपवला होता, म्हणजे ज्याची माणसे जास्त त्याचे राज्य. माणसे आणायची तर आधी छापील कागद पाठवायला हवा, हे दोन्ही पक्षांनी ओळखले होते. म्हणूनच २१ मे १८५६ रोजी गुलामगिरीवाद्यांच्या जमावाने विरोधकांच्या लॉरेन्स गावावर चाल केली तेव्हा तिथल्या दोन पत्रांचे छापखाने फोडले आणि खिळे नदीत फेकले.

असली पत्रे इतिहासाला काय कामाची, असा आक्षेप साहजिक आहे. ती पक्षाची होती, जमीनविक्रीच्या धंद्याशी बांधलेली होती, आणि अनेकांची आतली पाने तर मोठ्या शहरातून तयार छापून यायची. गावाच्या वाट्याला उरलेली तेवढीच. हे सगळे खरे आहे. तरीही माझ्या मते कॅन्ससचा इतिहास लिहिताना पहिला पुरावा हीच पत्रे. ती खरे बोलत असत असा माझा दावा नाही. बोललेले त्यांना मागे घेता येत नसे, हे माझ्या लेखी महत्त्वाचे. निकोडेमसचे उदाहरण घ्या. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये वसवलेले हे गाव. १८८६ मध्ये तिथे 'वेस्टर्न सायक्लोन' आणि पुढच्या वर्षी 'एंटरप्राइझ' अशी दोन पत्रे निघाली. रेल्वे येणार, गावाचे सोने होणार, हा दोघांचाही घोष. रेल्वे आलीच नाही. ती नदीपलीकडून गेली आणि दुकाने तिकडे हलली. भाकीत साफ खोटे ठरले, पण त्या दोन वर्षांत गाव कशाच्या भरवशावर उभे होते हे त्या खोट्या भाकितातूनच कळते. यशस्वी गावांच्या नंतर लिहिलेल्या गौरवग्रंथांत हे सापडणार नाही.

शिवाय पत्राचा चरितार्थ ज्यावर चाले तो मजकूर अगदीच रूक्ष असे. १६० एकरांवर पाच वर्षे राबून मालकी मागणाऱ्या शेतकऱ्याला १८७९ च्या कायद्यानंतर जमिनीच्या जवळच्या पत्रात नोटीस द्यावी लागे: दावेदाराचे नाव, जमिनीचा तपशील, साक्षीदारांची नावे. या सरकारी नोटिशींच्या पैशावर कितीतरी टीचभर पत्रे तगली. अग्रलेखात आमदार, बँकवाले आणि संपादकाचे मित्र. ज्याच्यावर कधी चार ओळी कुणी लिहिल्या नसत्या असा माणूस भेटतो तो नोटिशींच्या रकान्यात. १८७५ मध्ये राज्याची इतिहाससंस्था संपादकांच्या संघटनेने स्थापन केली, आणि आपापले अंक तिथे जपले जातील अशी सोय केली. यात स्वतःचे नाव राखण्याचा मोह होताच. पण त्या गठ्ठ्यांत प्रतिस्पर्ध्याचे अंकही बांधले गेले, आणि शेजाऱ्याच्या थापा उघड करायला प्रतिस्पर्ध्याइतका तत्पर साक्षीदार दुसरा नसतो.

या पुराव्याची खरी मर्यादा वेगळीच आहे. कॅन्ससच्या भूमीवरचे पहिले पत्र इंग्रजीत नव्हते. १८३५ मध्ये बाप्टिस्ट मिशनच्या छापखान्यातून निघालेले 'शॉनी सन' शॉनी या आदिवासी जमातीच्या भाषेत होते. मिशनऱ्यांचे असले तरी ते त्या लोकांच्या भाषेत होते. त्याचे अंक जवळजवळ सगळे नाहीसे झाले. ज्यांची जमीन पुढे नोटिशींमधून वाटली गेली त्यांच्या बाजूने एवढा मोठा संग्रहही फारसे काही सांगत नाही, आणि ही उणीव कितीही गठ्ठे चाळून भरून निघणारी नाही.

नामवंतांच्या बाबतीत मात्र या पत्रांचा उपयोग निःसंशय आहे. विल्यम ॲलन व्हाइट यांनी १८९५ मध्ये कर्ज काढून 'एम्पोरिया गॅझेट' विकत घेतले. १५ ऑगस्ट १८९६ च्या अग्रलेखात त्यांनी चळवळ्या शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाची यथेच्छ टर उडवली. रिपब्लिकन पक्षाने तो देशभर वाटला आणि आडगावचा संपादक एकाएकी प्रसिद्ध झाला. पुढे हेच व्हाइट सुधारणावादी झाले, आणि आपण ज्यांची टर उडवली होती त्यांच्याच कित्येक मागण्यांची वकिली करू लागले. १९२४ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या विरोधात ते गव्हर्नरपदासाठी अपक्ष उभे राहिले आणि हरले. त्यांचे आत्मचरित्र मृत्यूनंतर १९४६ मध्ये आले आणि त्याला पुलित्झर मिळाले. पुस्तक वाचनीय आहे, पण त्यातला अठ्ठावीस वर्षांचा व्हाइट म्हाताऱ्या व्हाइटने रंगवलेला आहे; खरा उर्मट तरुण 'गॅझेट'च्या त्या अंकातच गाठावा लागतो.