सोलापूरची चादर आणि स्फटिकांचें गणित

सोलापूरची चादर महाराष्ट्रांत घरोघरीं परिचित आहे. तिच्यावरील वेलबुट्टी ही जॅकार्ड यंत्राची करणी. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ सालीं सिद्ध केलेल्या या यंत्रांत भोंकें पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते ओळीनें गुंफलेले असतात. बाण्याच्या एकेका धाग्यास एकेक पत्ता. जेथें भोंक, तेथें ताण्याचा दोरा उचलला जातो. जेथें नाहीं, तेथें तो खालींच राहतो. ‘आहे’ आणि ‘नाहीं’ या दोनच शब्दांत सारी नक्षी लिहिली जाते. चार्ल्स बॅबेजनें आपल्या गणकयंत्राच्या योजनेंत हीच पत्त्यांची कल्पना घेतली; हर्मन हॉलरिथच्या पत्त्यांवर अमेरिकेची १८९० ची खानेसुमारी मोजली गेली.

विणकरास आणखी एक युक्ति ठाऊक असते. फूल डावीउजवीकडे सारखें असेल, तर अर्धेंच आंखून भागतें. उरलेलें अर्धें दोऱ्यांची बांधणीच पुरें करते. वरखालीं सारखें असेल, तर तेच पत्ते उलट क्रमानें फिरवितां येतात. या सारखेपणासच शास्त्रांत सममिति म्हणतात. सममिति म्हणजे वांचलेले श्रम.

घन पदार्थांच्या अभ्यासकांनींहि हाच मार्ग धरला. फेडोरोव्ह आणि शोनफ्लीस यांनीं १८९१ च्या सुमारास स्फटिकांतील मांडणीचे २३० प्रकार निश्चित केले. मांडणीच्या एका घरापुरतें विद्युत्कणांचें गणित केलें, कीं बाकीच्या घरांचें उत्तर त्यावरून निघतें, हें फेलिक्स ब्लॉकनें १९२८ सालीं दाखविलें. तांब्याच्या स्फटिकांत तर सममितीच्या ४८ क्रिया आहेत. म्हणून संगणकास गणिताचा अठ्ठेचाळिसावा हिस्साच पुरतो. पेनिसिलिनच्या स्फटिकाची रचना डोरोथी हॉजकिन व त्यांचे सहकारी यांनीं १९४५ सालीं उकलली, तेव्हां आंकडेमोडीस छिद्रांचे पत्तेच साहाय्यास आले होते.

परंतु या काटकसरींत धोकाहि आहे. एका पत्त्यांत चुकीचें भोंक पडलें, कीं तीच चूक फुलाफुलांत उमटते. तसेंच गणितांत जी सममिति आधीं गृहीत धरली, तीच उत्तरांत परत येते; अणु किंचित् सरकून ती मोडत असले, तरी तें दिसत नाहीं. १९८२ सालीं डॅन शेख्टमन यांस ॲल्युमिनियम-मँगेनीजच्या मिश्रधातूच्या चित्रांत, एकदशांश फेरा दिला तरी तशीच दिसणारी आकृति आढळली. एकाच घराची पुनरावृत्ति मानणाऱ्या नियमांत ती बसेना, म्हणून लायनस पॉलिंगसारख्या थोर शास्त्रज्ञानेंहि ती मानली नाहीं. अखेर २०११ सालीं शेख्टमन यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

चादर मागावरून उतरली, कीं पत्त्यांवर न विसंबतां ती पसरून पाहावी लागते. त्याचप्रमाणें सावध संशोधक सममिति धरून एकदां व ती सोडून पुन्हां एकदां गणित करतो, आणि दोन्ही उत्तरें प्रत्यक्ष पदार्थाशीं ताडून पाहतो.