अन्नावर येणं

गेल्या वर्षी आषाढ लागला त्याच आठवड्यात माझं 90 दिवसांचं पथ्य संपलं. पोट कायम फुगलेलं, जिभेवर पांढरा थर, दुपारनंतर अंगात त्राण नाही, म्हणून एका आहारसल्लागार बाईंकडे गेले होते. आतड्यात कॅन्डिडा नावाची बुरशी माजली आहे, तिची उपासमार करायची, असं सांगून त्यांनी छापील तक्ता हातात दिला. गहू, तांदूळ, ज्वारी, साखर, गूळ, फळं, दूध, दही, ताक सगळं बंद. मी तक्ता तंतोतंत पाळला. 7 किलो वजन उतरलं. पण त्या तक्त्यात नव्वदाव्या दिवसानंतरचं पान नव्हतं. विचारलं तेव्हा "आता हळूहळू सगळं सुरू करा" एवढंच उत्तर मिळालं. एक्क्याण्णवाव्या दिवशी मी दोन पोळ्या, वरणभात आणि वाटीभर दही जेवले आणि रात्रभर पोट धरून बसले.

आई तेव्हा राजापूरहून आमच्याकडे पुण्याला आलेली होती. ती 84 वर्षांची. सकाळी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुला अन्नावरून काढलं, पण अन्नावर घेतलंच नाही गो कुणी."

'अन्नावर घेणं' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आमच्या घरात तो रोजचा होता. आजारपणाचे दोन भाग मानले जायचे. ताप उतरला की पहिला भाग संपायचा. दुसरा भाग म्हणजे माणूस पुन्हा पानावर येऊन बसेपर्यंतचे दिवस, आणि ते दिवस घरातल्या बायकांचे असायचे.

1971 च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला मुदतीचा ताप आला. टायफॉइड हा शब्द तेव्हा आमच्या आळीत कुणी वापरत नसे. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध 1948 पासून या तापावर वापरात आलं होतं. डॉक्टरांनी त्याच्याच कॅप्सूल दिल्या आणि ताप उतरला. आजीच्या पिढीने मात्र हा ताप तीन-तीन आठवडे उशाशी बसून काढलेला होता, त्यामुळे ताप उतरला म्हणून तिचा हात सैल झाला नाही. डॉक्टरांचं काम संपलं तिथे तिचं सुरू झालं.

मी माजघराच्या उंबऱ्यावर बसून बघत असे. आजीने कणगीतला जुना तांदूळ काढला. नवा तांदूळ आजाऱ्याला द्यायचा नाही, तो जड. वर्षभर मुरलेला हलका. मूठभर तांदूळ तिने लोखंडी कढईत बदामी होईपर्यंत भाजला, जात्यावर त्याच्या कण्या काढल्या आणि तपेलीत भरपूर पाणी घालून चुलीच्या वैलावर ठेवल्या. तासाभराने तपेली उतरवून झाकून ठेवली. कण्या खाली बसल्या की वर जे पाणी राहतं ते निवळ. पहिल्या दिवशी फक्त ती निवळ, काशाच्या वाटीत, सैंधवाची कणी टाकून. भाऊ भातासाठी रडायचा. आजी त्याला खिडकीशी नेऊन जीभ बाहेर काढायला लावायची. जिभेवर थर दिसला की दुसऱ्या वेळीही निवळच. ढेकर आंबट आली का, पोट मऊ आहे का, भूक लागली की नुसती वासना झाली, हे सगळं बघून तिने वाटीत चार शितं पडू दिली. मग पेज, मग घट्टसर आटवल. मग मुगाचं कढण, आधी नुसतं मिठाचं, दोन दिवसांनी तुपाजिऱ्याची फोडणी दिलेलं. मग मेतकूट आणि मऊ भात. ताक त्यानंतर. फुलका दहाव्या दिवशी, तोही पापुद्रा काढून. दूध सगळ्यांत शेवटी, निम्मं पाणी आणि सुंठ घालून.

पुढे मी संस्कृतची शिक्षिका झाले आणि चरकसंहितेच्या सिद्धिस्थानाचा पहिला अध्याय वाचताना थबकले, कारण त्यात माझी आजीच बोलत होती. वमन-विरेचनाने कोठा रिकामा झालेल्या माणसाला अन्नावर कसं आणायचं, याचा तिथे क्रम दिला आहे. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग अकृत यूष, मग कृत यूष, म्हणजे कढणं, शेवटी मांसरस. चांगली शुद्धी झालेल्याला प्रत्येक पायरी तीन-तीन जेवणं, दोन्ही यूष मिळून एकच पायरी, म्हणजे एकूण 12 अन्नकाळ, 7 दिवस. मध्यम शुद्धीला दोन-दोन, कमी शुद्धीला एक-एक. अकृत म्हणजे फोडणी-मसाल्याविना, कृत म्हणजे स्नेह आणि मसाला घातलेलं. आजीची दोन कढणं हीच. मांसरस आमच्याकडे नव्हता, पण शेजारच्या भंडारी घरात आजाऱ्याला कोंबडीचं आळणी पाणी देत आणि चार दिवसांनी त्याच पाण्याला फोडणी घालत. घर बदललं तरी क्रम तोच होता.

आयुर्वेदाचा दुसरा ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याने पाण्याची मापंसुद्धा दिली आहेत. विलेपीला तांदळाच्या चौपट पाणी, पेयेला चौदापट. आजीने कधी माप घेतलं नाही, तिचा अंदाज हाताच्या पेरांवर. क्रमामागचं कारण चरक एका दाखल्याने समजावतो. विझत आलेल्या आगीवर ओंडका टाकला तर ती जाते. आधी गवत, मग शेणीचा चुरा, असं घालत गेलं तरच ती पेटते, आणि नंतर काहीही पचवते. ज्या बाईने जन्मभर चूल फुंकली तिला हे ग्रंथातून शिकावं लागत नाही. माझ्या मते ग्रंथच चुलीपाशी शिकला असावा.

पेजेची ही वाट परक्यांनीही टिपून ठेवली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. त्याचा औषधींवरचा संवादग्रंथ गोव्यातच 1563 साली छापला गेला. त्यात पटकीचं एक प्रकरण आहे. त्या रोगाला इथले लोक काय म्हणतात हेही तो सांगतो. हा आपला 'मोडशी' शब्द, ज्याचं पोर्तुगीजांनी मोर्देशी केलं. अशा रोग्याला इथले लोक तांदळाचं पाणी मिरी आणि जिरं घालून पाजतात आणि त्याला कांजी म्हणतात, अशी नोंद त्याने केली आहे. साडेचारशेहून अधिक वर्षं झाली. आमच्या आईच्या पेजेत आजही जिरं पडतं.

आता माझ्या तक्त्याचं मूळ. ते इथलं नाही. अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ऑरियन ट्रस नावाच्या डॉक्टरांनी 1978 पासून असं मांडायला सुरुवात केली की थकवा, डोकेदुखी, मन उदास राहणं अशा अनेक तक्रारींच्या मुळाशी कॅन्डिडा ही बुरशी असते. टेनेसीतले बालरोगतज्ज्ञ विल्यम क्रूक यांनी 1983 मध्ये 'द यीस्ट कनेक्शन' हे पुस्तक लिहिलं आणि साखर-यीस्ट बंद करणारं पथ्य घरोघर पोचलं. अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 1986 मध्येच या कल्पनेला आधार नाही असं जाहीर केलं. 1990 मध्ये त्याच बर्मिंगहॅममधल्या विद्यापीठात 42 स्त्रियांवर चाचणी झाली. बुरशीनाशक निस्टॅटिनने योनिमार्गाच्या तक्रारी कमी झाल्या, पण थकवा आणि मनाच्या तक्रारींत ते औषध आणि नुसती खोटी गोळी यांत फरक पडला नाही. कॅन्डिडा निरोगी माणसांच्या आतड्यातही असतेच. हे सगळं मी पथ्य संपल्यावर वाचलं, आधी वाचायला हवं होतं. तरीही ज्यांना बरं वाटलं त्यांना मी खोटं म्हणणार नाही. माझीही पहिल्या महिन्यात साखर सुटली आणि झोप सुधारली. माझं दुःख वेगळं आहे. माणसाला तीन महिने धान्यावरून काढायचं आणि परतीची वाट दाखवायची नाही, ही बेफिकिरी आहे.

दूधदुभत्याच्या परतीचाही इथे विचार झालेला आहे, आणि तो मला सगळ्यांत सुंदर वाटतो. चरकाच्या चिकित्सास्थानात मूळव्याधीच्या अध्यायात तक्राचा प्रयोग आहे. अग्नी फारच मंद असेल तर नुसतं ताक. थोडा बरा असेल तर सकाळी ताक आणि संध्याकाळी ताकात कालवलेलं लाह्यांचं पीठ. ते पचू लागलं की ताकातली पेज, मग ताकभात. 7 दिवस, 10 दिवस, पंधरवडा किंवा महिनाभर. ताक ज्या क्रमाने वाढवलं त्याच क्रमाने उतरवायचं, एकदम तोडायचं नाही, आणि ताक कमी होताना एकूण अन्न कमी होता कामा नये, हेही सांगितलेलं. ताकाचेही तीन प्रकार: लोणी पूर्ण काढलेलं, अर्धं काढलेलं, न काढलेलं. पचनशक्ती बघून कुणाला कुठलं ते ठरवायचं. आज आपल्याला कळतं की दुधातल्या साखरेचा काही भाग विरजणातले जंतू आधीच फोडतात, म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही ताक सोसतं. रोज थोडं थोडं दूध घेतलं तर मोठ्या आतड्यातले जंतूही त्या साखरेला सरावतात. तेव्हा जंतू कुणाला ठाऊक नव्हते. पण ताक आधी, दूध नंतर, हे नीट ठाऊक होतं.

आईने मला तसंच घेतलं. ओट्यापाशी स्टूल टाकून ती बसायची आणि मला कृती सांगायची, कारण तिचे हात आता थरथरतात. आजीची कढई नव्हती, नॉनस्टिकच्या तव्यावर तांदूळ भाजला. पहिले दोन दिवस निवळ आणि पेज. तिसऱ्या दिवशी कढण. मुगाने पोट गुडगुडलं तर आई म्हणाली, "पुढे जाऊ नको, आजही हेच." दोन दिवस तिथेच थांबलो. सहाव्या दिवशी आटवल आणि मेतकूट. भाताची वाफ तोंडावर आली आणि मला रडू आलं. आई काही बोलली नाही, वाटीत चमचाभर तूप सोडलं. आठव्या दिवशी पातळ ताक, हिंग-जिरं लावून, चार घोट. बाराव्या दिवशी ज्वारीची पाव भाकरी, पंधराव्या दिवशी फुलका. गव्हाला माझं पोट जरा कुरकुरतं, म्हणून घरात आता भाकरीच जास्त होते.

आई दिवाळीआधी राजापूरला परतली. दही मला दुपारी चालतं, रात्री नाही. दूध अजून अर्ध्या कपावरच आहे, सुंठ घातलेलं. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, आणि बाकी काही विचारायच्या आधी ती विचारते, "जीभ बघितलीस का आज?"