ब्रह्मकमळाची तारीख

धुळ्याच्या माझ्या मावशीने जुलै 2020 मध्ये फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला होता. जिन्याखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं ब्रह्मकमळ फुललंय आणि पुढे हळदीकुंकू ठेवलंय. एरवी हे फूल उमलायला लागलं की गल्लीत निरोप जातो, रात्री दहाला बायका पोराबाळांसकट जमतात, पूजा होते, मग चहा. त्या वर्षी कोणी आलं नाही. गल्लीने फूल व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारता. मला एक तिथे सापडला. माझ्या थिसिसशी त्याचा काही संबंध नाही, गाईडला सांगू नका.

आठवून बघा. 25 मार्चपासून लॉकडाऊन, जूनमध्ये जळगावचा मृत्युदर राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी पट वर गेला म्हणून देशभर चर्चा, आणि त्याच घरांच्या गच्चीवर रंगाच्या बादल्यांत ड्रॅगन फ्रूट, पॅशन फ्रूट, मातीशिवाय जगणारं एअर प्लांट. आपल्याकडच्या उन्हात यातलं काय टिकणार, हे कोणालाही कळत होतं. तरी लोक लावत होते. ब्रह्मकमळाचं तर एक पान पुरतं. मावशी ते वर्तमानपत्रात गुंडाळून फाटकावर ठेवायची आणि लांबूनच सांगायची, "लाई दे, लागी जाई."

आता थोडं विज्ञान. ते पान खरं तर पान नाहीच, चपटं झालेलं खोड आहे. आपल्या दारचं ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मूळ दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंग. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. नाव एक, झाडं दोन. एकाच नावावरून दोन वस्तू एक समजणं ही जुनी कागदपत्रं वाचतानाही हमखास होणारी चूक आहे.

या ओळखीतून इतिहासाला एक पक्की गोष्ट मिळते: खालची मर्यादा. मेक्सिकोतलं झाड 1492 च्या आधी खान्देशात असू शकत नाही. 1828 मध्ये डी कँडॉल या स्विस शास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. पण ते आपल्या अंगणात आलं कधी आणि ब्रह्मदेवाचं झालं कधी, हे वनस्पतिशास्त्र सांगत नाही. त्याला कागद लागतो, आणि हातोहात गेलेल्या पानाचा कागद होत नाही. 1880 च्या खान्देश गॅझेटियरमध्ये पिकं, जंगल, महसूल सगळं तपशीलवार आहे. जिन्याखालच्या डब्यावर सारा नव्हता, सरकारने त्याची नोंद कशाला ठेवावी?

2020 मध्येही तेच झालं. त्या ऑगस्टमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावध केलं, की परदेशातून न मागवलेल्या बियांची संशयास्पद पाकिटं येऊ शकतात. अमेरिका, ब्रिटनमध्ये ती आली होती. म्हणजे बहुतेकांनी पाहिलीही नाहीत त्या बियांचं सरकारी पत्र आहे आणि गल्लीभर फिरलेल्या पानाचं काहीच नाही.

म्हणून साधनं घराघरांतूनच गोळा करावी लागतात. हे मी धुळ्याच्या माणसाला शिकवायला नको. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुन्या वाड्यांतली दप्तरं मिळवत राहिले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये छापला. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्यांना वाळवीची भीती होती, आपल्याला फोनच्या एक्स्चेंज ऑफरची आहे.

फोटो मिळाला तरी काम संपत नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो गेला की कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ, ठिकाण पुसलं जातं. उरतं फक्त फाइलचं नाव. माझ्याकडच्या फाइलवर 20 जुलै 2020 आहे, पण तो ग्रुपवर आल्याचा दिवस. फूल रात्री उमलतं, सकाळी मान टाकतं. मग फुलाची रात्र 19 ची की 20 ची? बाराच्या पुढे पाठवला असेल तर 19 ची, सकाळी पाठवला असेल तरी 19 चीच. मी 19 धरून बसलो होतो.

मग फोटो मोठा करून पाहिला. डब्यामागे पाटावर घासूनपुसून मांडलेल्या समया, निरांजनं, कंदीलसुद्धा, सगळे पेटलेले. फुलासाठी एवढे दिवे कोण लावतं? पंचांग उघडलं. 20 जुलैला आषाढी अमावास्या होती, दिव्यांची अवस. रात्र 20 चीच असणार.

मावशीला विचारून खात्री करता येणार नाही. ती एप्रिल 2021 मध्ये गेली. तिचा फोन भाच्याला ऑनलाइन शाळेसाठी दिला, देताना फॉरमॅट केला. मूळ फोटो त्यात होता.

तुमच्या फोनमध्ये 2020 च्या फाइल्स शोधा. कुंडी, गच्ची, फूल असं काही दिसलं तर फोटो कोणी काढला ते विचारा, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि झाड कोणाकडून आलं, पुढे कोणाला दिलं, तेवढं तरी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. हे या आठवड्यात करा, दिवाळीच्या सेलमध्ये फोन बदलले जातात.